समितीनं तक्रार फेटाळली, वर बदलीही केली: अपिलाचे नव्वद दिवस कसे वापरायचे

वाचक ताईंचं पत्र (थोडक्यात)

जळगाव एमआयडीसीत प्लास्टिक चटईच्या कारखान्यात मी सहा वर्षं माल तपासणीचं काम करते. हुद्दा सुपरवायझरचा. भुसावळहून रोज ये-जा. आमचे प्रॉडक्शन मॅनेजर नोव्हेंबरपासून रात्री-बेरात्री मेसेज करायचे, 'दिवसपाळी हवी असेल तर जरा समजून घ्या' असं बोलायचे. फेब्रुवारीत त्यांनी हात धरला. ९ मार्चला मी कंपनीतल्या, लैंगिक छळाच्या तक्रारी पाहणाऱ्या अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार दिली. चौदा मेसेजचे कागदही जोडले. दोन बैठका झाल्या. मैत्रीण म्हणाली, "ताई, मनं नाव लेऊ नको" (माझं नाव घेऊ नकोस). समितीचा १८ जूनचा दोन पानी अहवाल मला २ जुलैला हातात मिळाला: 'स्वतंत्र साक्षीदार नाही, आरोप सिद्ध होत नाहीत.' ११ जुलैला धुळ्याच्या गोदामात बदली झाली, १ ऑगस्टला हजर व्हायचंय. १४ जुलैला 'खोटी तक्रार केली, सात दिवसांत खुलासा द्या' असं पत्र आलं. यंदाची पगारवाढही थांबवली. शिवाय माझ्याच कामाला पुरुष तपासनीसाला दोन हजार जास्त मिळतात. आज २८ जुलै. अपील करता येतं का? घरचे म्हणतात, नोकरी सोड आणि विषय संपव.

उत्तर

ताई, आधी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवा आणि १६ सप्टेंबरवर लाल खूण करा.

अपील करता येतं. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आहे, त्याच्या कलम १८ मध्ये 'आरोप सिद्ध होत नाही' या निष्कर्षाविरुद्धही अपिलाचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. मुदत शिफारशीपासून ९० दिवस. अहवालावर तारीख १८ जून, म्हणून नव्वदावा दिवस १६ सप्टेंबरला येतो. अहवाल हातात मिळाला २ जुलैला, तिथून मोजलं तर ३० सप्टेंबर. दुसरी तारीख लांबची म्हणून गोड वाटते, पण तिच्या भरवशावर बसू नका. कायद्याचे शब्द 'शिफारशीपासून' असे आहेत. मूळ तक्रारीला उशीर झाला तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते, असं कलम ९ मध्ये लिहिलंय. कलम १८ मध्ये तशी ओळ नाही. अपिलात मात्र दोन्ही तारखा लिहा आणि अहवाल २ जुलैला मिळाल्याचा पुरावा जोडा. पोच दिलेली सही, ईमेल, लिफाफ्यावरचा शिक्का, जे असेल ते. सप्टेंबरात पोळा-गणपतीच्या सुट्ट्या असतात, त्यामुळे ऑगस्टअखेर कागद दाखल झालेले बरे.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण बहुतेक अपिलं इथंच घसरतात. अपिलात मॅनेजर कसा वागला हे पुन्हा पहिल्यापासून सांगायचं नसतं. समितीनं चौकशी कशी केली आणि निष्कर्ष कशावर काढला, हे तिथं तपासलं जातं. अपील अहवालाविरुद्ध असतं. म्हणून अहवालाची दोन पानं समोर ठेवा, प्रत्येक वाक्याला आकडा द्या आणि प्रत्येक वाक्याशेजारी लिहा: हे कोणत्या कागदावरून काढलं? ज्या वाक्यापुढे काही लिहिता येत नाही, तिथे अपिलाचा मुद्दा आहे.

तुमच्या पत्रावरून आम्हाला चार जागा दिसतात.

पहिली आणि सगळ्यात भक्कम जागा चौदा मेसेजची. तुम्ही ते तक्रारीसोबत दिले आणि समितीनं 'स्वतंत्र साक्षीदार नाही' एवढ्यावर विषय मिटवला. अशी चौकशी फौजदारी खटला नसते. इथं संशयातीत पुरावा लागत नाही, घडल्याची शक्यता न घडल्यापेक्षा जास्त आहे का, एवढंच पाहायचं असतं. असला त्रास चारचौघांत क्वचितच दिला जातो, त्यामुळे साक्षीदार नसणं हे तक्रार नाकारायचं कारण होऊ शकत नाही. समितीनं मेसेज वाचून, कारण देऊन बाजूला ठेवले असते तर लढाई अवघड होती. तिनं त्यांचा उल्लेखच केला नसेल तर मुद्दा असा लिहा, कोरडा आणि पान क्रमांकासह:

'अपीलदाराने दि. ९ मार्चच्या तक्रारीसोबत १४ व्हॉट्सअॅप संदेशांचे उतारे जोडले होते. अहवालाच्या पान २ वर स्वतंत्र साक्षीदार नसल्याचे एकमेव कारण दिले आहे. सदर संदेशांचा विचार अहवालात कुठेही केलेला नाही. ते का ग्राह्य धरले नाहीत याचेही कारण नाही.'

इतकंच. 'अन्याय', 'घोर' असे शब्द घातल्यानं मुद्द्याची धार बोथट होते.

मेसेजबाबत आणखी थोडं. ज्या फोनवर ते आले तो फोन विकू नका, रिसेट करू नका, मुलांच्या हातात देऊ नका. फक्त निवडक मेसेजचे कापलेले स्क्रीनशॉट दिले की समोरचा म्हणतो, मागचं-पुढचं लपवलं. म्हणून पूर्ण संभाषण एक्सपोर्ट करून ठेवा, नंबर आणि तारीख-वेळ दिसेल असं. न्यायालयात छापील प्रत द्यायची तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग असतात, एक तुम्ही भरायचा आणि दुसरा तज्ज्ञानं. फाइलचं हॅश मूल्यही (फाइल नंतर बदललेली नाही हे दाखवणारा संगणकी आकडा) त्यात लिहावं लागतं. अंतर्गत समितीपुढे पुराव्याचे नियम इतके ताणले जात नाहीत, पण पुढं अडायला नको म्हणून ते आत्ताच करून घ्या.

दुसरी जागा: निष्कर्षाची प्रत. तक्रारदार आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार तो, दोघंही कर्मचारी असतील तर निष्कर्षाची प्रत दोघांना देऊन त्यावर समितीपुढे म्हणणं मांडायची संधी द्यायला हवी, असं कलम ११ सांगतं. तुम्हाला थेट अंतिम अहवाल मिळालेला दिसतो. तसं असेल तर हा चौकशीतला दोष आहे. असेच इतर दोषही शोधा. मॅनेजरचा लेखी जबाब तुम्हाला दाखवला का? नियमाप्रमाणे तक्रारीची प्रत त्यांना सात कामकाजाच्या दिवसांत जायला हवी आणि उत्तर त्यांच्याकडून दहा कामकाजाच्या दिवसांत यायला हवं. ते उत्तर पाहिल्याशिवाय तुम्ही त्याला प्रत्युत्तर देणार कसं? मैत्रिणीचा जबाब घेतला का? घेतला असेल तर मॅनेजरला समोर बसवून घेतला का, तिनं वाचून सही केली का? २०२३ मध्ये गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं घाईत उरकलेली चौकशी मोडीत काढली आणि ती नीट पुन्हा करायला लावली. तो निकाल आरोपीच्या अपिलावर झाला, पण नैसर्गिक न्याय दोघांनाही सारखाच लागू होतो. तुमच्या वकिलांना तो माहीत असेलच.

एक सावधगिरी. तुमची तक्रार ९ मार्चची. चौकशीचे ९० दिवस ७ जूनला संपतात, अहवालाचे पुढचे दहा १७ जूनला. अहवाल १८ तारखेचा, म्हणजे एक दिवस उशीर. कुणीतरी हा उशीर शोधून काढेल आणि तो पहिला मुद्दा करा असं सांगेल. करू नका. एका दिवसाच्या उशिरावर भर दिला की न्यायाधीशांना वाटतं, हिच्याकडे दुसरं काही नाही.

तिसरी जागा समितीची घडण. अध्यक्ष कामाच्या ठिकाणची वरिष्ठ महिला हवी, निम्म्याहून कमी महिला चालत नाहीत, आणि एक सदस्य बाहेरचा हवा: महिलांच्या प्रश्नावर काम करणाऱ्या संस्थेचा किंवा या विषयाची जाण असलेला. चौकशीच्या बैठकीला अध्यक्षांसह किमान तीन सदस्य हजर लागतात. सदस्यांची मुदत तीन वर्षांपेक्षा जास्त नसते. आपल्याकडच्या कारखान्यांत नोटीस बोर्डावर पाच-सहा वर्षांपूर्वीची यादी तशीच लटकलेली आढळते. बाहेरच्या सदस्याचं नाव कागदावर असतं आणि बैठकीला ती व्यक्ती कधी आलेलीच नसते. दोन बैठकांच्या हजेरीपत्रकावर सह्या कोणाच्या आहेत ते पाहा. अध्यक्ष बाई रोजच्या कामात त्याच मॅनेजरच्या हाताखाली असतील तर तेही लिहा.

त्यासाठी कागद हवेत. उद्याच कंपनीला अर्ज द्या, ईमेलनं आणि पोचपावतीसह टपालानंही. मागा: समिती नेमल्याचा आदेश, दोन्ही बैठकांचं इतिवृत्त आणि हजेरी, समोरच्याचा लेखी जबाब, साक्षीदारांचे जबाब, सहीसह पूर्ण अहवाल. अहवाल दोन्ही पक्षांना द्यायचाच असतो. 'हे गोपनीय आहे' असं उत्तर येईल. गोपनीयता लोकांपासून आणि वर्तमानपत्रांपासून असते, स्वतः पक्षकारापासून नाही. तरीही दिले नाहीत तर रडत बसू नका. अर्जाची प्रत अपिलाला जोडा आणि 'समितीचं दप्तर मागवावं' अशी मागणी अपिलातच घाला.

चौथी जागा ते १४ जुलैचं पत्र, आणि ते आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं. तक्रार सिद्ध झाली नाही आणि तक्रार खोटी होती, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कलम १४ स्पष्ट सांगतं की तक्रार शाबीत करता आली नाही किंवा पुरेसा पुरावा देता आला नाही, एवढ्यावरून तक्रारदार बाईवर कारवाई होत नाही. तिनं द्वेषानं तक्रार केली, हे वेगळ्या चौकशीत सिद्ध व्हावं लागतं. दोन पानी अहवालात तसा निष्कर्ष आहे का? नसेल तर ते पत्र कोणत्या आधारावर आलं, हा प्रश्न कंपनीला अडचणीचा आहे. खुलाशाचे सात दिवस २१ जुलैला संपले. तरी आज उत्तर द्या. उशिराचं उत्तर चालतं, गप्प राहणं मात्र नंतर कबुलीसारखं वापरलं जातं. चार ओळी पुरे:

'आपले दि. १४ जुलैचे पत्र मिळाले. समितीने माझी तक्रार द्वेषपूर्ण किंवा खोटी असल्याचा निष्कर्ष दिलेला नाही. तक्रार सिद्ध न होणे म्हणजे ती खोटी ठरणे नव्हे, हे कायद्याच्या कलम १४ मध्ये नमूद आहे. सबब आरोप अमान्य आहे. माझे अपिलाचे व इतर सर्व हक्क राखून हा खुलासा देत आहे.'

पत्रात माफी मागू नका, मॅनेजरला शिव्याही देऊ नका.

अपील कुठं करायचं, ते बघू. नेमणूकपत्र किंवा कंपनीच्या सेवा नियमांत अपिलाचं ठिकाण दिलं असेल तर तिथं. नसेल तर २०१३ च्या नियमांतला नियम ११ लागतो. तो १९४६ च्या स्थायी आदेश (म्हणजे कारखान्यांतल्या सेवाशर्तींच्या) कायद्याखालच्या अपील प्राधिकाऱ्याकडे बोट दाखवतो. महाराष्ट्रात ही अपिलं औद्योगिक न्यायालयात दाखल होत आली आहेत. यात अलीकडे एक गुंता झालाय. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आणि १९४६ चा कायदा त्यात विरून गेला. नियम ११ मध्ये जुन्याच कायद्याचं नाव आहे. अशा वेळी जुन्या कायद्याचा उल्लेख नव्यासाठी वाचायचा, ही सोय १८९७ च्या सामान्य खंड अधिनियमाच्या कलम ८ मध्ये आहे. वकिलांना अपिलाच्या अधिकारक्षेत्राच्या परिच्छेदात ही ओळ घालायला सांगा. दाखल करण्याआधी तुमच्या जिल्ह्याच्या औद्योगिक न्यायालयातल्या निबंधक कार्यालयात जाऊन मथळा कसा हवा, फी किती, प्रती किती, हे विचारून या. चुकीच्या दारात महिनाभर अडकलेलं अपील परत मिळतं तेव्हा मुदत गेलेली असते.

अपिलात हे असावं: पक्षकारांची नावं, कंपनी आणि मॅनेजर दोघेही. तारखेनुसार घटना, दीड पानात. अहवालाविरुद्धचे मुद्दे, प्रत्येक वेगळा. मुदतीचा परिच्छेद. मागणी. सत्यापन, शपथपत्र, कागदांची यादी. मागणीत 'अहवाल रद्द करावा' इथं थांबू नका, 'नव्यानं नेमलेल्या, बाहेरच्या सदस्यासह समितीकडून फेरचौकशी व्हावी' असंही लिहा. सोबत वेगळा अर्ज द्या की तुमचं नाव दप्तरात आणि आदेशात झाकलं जावं. मजकूर मराठीत चालतो. पुढे उच्च न्यायालयात गेलात तर इंग्रजी भाषांतर लागेल.

नवा पुरावा अपिलात आपोआप घेतला जात नाही, हेही ध्यानात ठेवा. मैत्रीण आता बोलायला तयार झाली किंवा जुना मेसेज सापडला, तर वेगळा अर्ज करावा लागतो आणि तो आधी का देता आला नाही याचं कारण द्यावं लागतं. मैत्रिणीवर जबरदस्ती करू नका. ती नोकरीच्या भीतीनं मागं सरली असेल, तर तेवढंच तिच्याकडून घ्या जेवढं ती सही करून देईल.

आता बदली आणि पगारवाढ. सगळ्यांना वाटतं, सूडाचं हे सगळं त्याच अपिलात ओतावं. तसं करू नका. अपील समितीच्या शिफारशीवर असतं आणि बदलीचा आदेश समितीनं काढलेला नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पश्चिम बंगालमधल्या एका विधी विद्यापीठाच्या प्रकरणात सांगितलं की नंतरची प्रशासकीय कारवाई ही आपोआप लैंगिक छळाचा भाग ठरत नाही. त्या बाईंची तक्रार त्यामुळे मुदतबाह्य ठरली. तुमची तक्रार फेब्रुवारीच्या घटनेनंतर तीन महिन्यांच्या आत आहे, तो धोका तुम्हाला नाही. पण धडा घ्या: बदलीसाठी स्वतंत्र दार ठोठवा. अपिलात बदलीचा उल्लेख फक्त पार्श्वभूमी म्हणून, दोन ओळींत.

ते दार म्हणजे महाराष्ट्राचा अनुचित कामगार प्रथा प्रतिबंधाचा १९७१ चा कायदा. केंद्राच्या औद्योगिक संबंध संहितेनं जे कायदे रद्द केले त्यांत हा नाही. त्याच्या अनुसूची ४ मध्ये धोरणाच्या नावाखाली आकसानं केलेली बदली बाब ३ मध्ये येते आणि गुणवत्ता न पाहता केलेला पक्षपात बाब ५ मध्ये. तक्रार औद्योगिक न्यायालयात, घटनेपासून ९० दिवसांत. ११ जुलैपासून मोजलं तर ९ ऑक्टोबर. उशिराला सबळ कारण असेल तर न्यायालय ती पुढेही घेऊ शकतं. उद्या कामावरूनच काढलं तर ती बाब १, आणि ती कामगार न्यायालयात जाते. संहितेखालीही मार्ग आहेत, पण एका कायद्याखाली गेल्यावर दुसऱ्याचं दार बंद होऊ शकतं. म्हणून कोणतं निवडायचं हे वकिलांसोबत बसून एकदाच ठरवा.

इथं कंपनी पहिली हरकत घेईल: 'या सुपरवायझर आहेत, कामगार नाहीत.' हुद्द्याच्या पाटीवर हे ठरत नाही, रोजच्या कामावर ठरतं. रजा मंजूर करायची, मेमो द्यायची, माणसं नेमायची सही तुमची चालते का? का तुम्ही स्वतः चटईची वीण, लांबी, काठ तपासून शेरा मारता? दुसरं असेल तर तपासणी रजिस्टरची पानं, पाळीपत्रक, तुमच्या कामाचे फोटो जमवा. संहितेत पर्यवेक्षकाला कामगार धरायला महिना १८,००० रुपये पगाराची वरची रेषा आहे, त्यामुळे पगारपत्रकंही हाताशी ठेवा.

सूड सिद्ध होतो तो तारखांनी. एका कागदावर दोन रकाने करा. डावीकडे तुमची पावलं: ९ मार्च तक्रार, बैठकांच्या तारखा, २ जुलै अहवाल. उजवीकडे कंपनीची: ११ जुलै बदली, १४ जुलै पत्र, वाढ रोखल्याची तारीख. अहवाल हातात आल्यावर नऊ दिवसांत बदली, हे अंतर स्वतःच बोलतं. पण तेवढ्यावर निकाल लागत नाही. सहा वर्षांतली वाढीची पत्रं जोडा, म्हणजे मार्चपर्यंत तुमच्या कामावर शेरा नव्हता हे दिसेल. याआधी तपासणीवरचं कोणी धुळ्याला गेलं होतं का? गोदामात तपासणीचं काम तरी आहे का? बदलीच्या आदेशावर सही कोणाची, आणि त्याला तक्रार माहीत होती का? 'कंपनीच्या कुठल्याही ठिकाणी बदली होऊ शकते' हे कलम नेमणूकपत्रात असणारच. ते कंपनीला बदलीचा अधिकार देतं, आकस काढायची मुभा देत नाही.

१ ऑगस्टला काय करायचं, हा तुमचा खरा अडलेला प्रश्न. घरी बसू नका. न्यायालयाचा आदेश हातात नसताना गैरहजर राहिलात की पुढच्या महिन्यात 'विनापरवाना गैरहजेरी'चं आरोपपत्र येतं आणि मग मूळ विषय बाजूला राहून तुमच्या हजेरीवरच वाद रंगतो. आजारपणाची रजाही डॉक्टरांच्या कागदाशिवाय टाकू नका. इतक्या थोड्या दिवसांत अंतरिम स्थगिती मिळवणं कठीण आहे, म्हणून हजर व्हा, आणि त्याच दिवशी लेखी द्या: 'बदली मान्य नसून हक्क राखून, निषेधासह हजर होत आहे.' त्याची पोच घ्या. मग १९७१ च्या कायद्याखालच्या तक्रारीसोबत त्याच्याच कलम ३० (२) खाली अंतरिम आदेश मागा. भुसावळहून धुळं रोज जाऊन-येऊन करण्यासारखं नाही, खोलीभाडं आणि प्रवास यांच्या पावत्या जपा.

पगारातला दोन हजारांचा फरक हा तिसरा, पूर्ण वेगळा विषय. सारख्या कामाला लिंगावरून कमी वेतन देता येत नाही, हे वेतन संहितेच्या कलम ३ मध्ये आहे. दाव्याला ३ वर्षांची मुदत आहे. घाई नाही. पुरुष तपासनीस आणि तुमचं काम एकच आहे हे दाखवणारी पाळीपत्रकं मात्र आत्ताच गोळा करा, धुळ्याला गेल्यावर ती मिळणार नाहीत.

वकिलाचा खर्च झेपणार नसेल तर जळगावच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. विधी सेवा प्राधिकरणांच्या १९८७ च्या कायद्यानं महिलांना मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असलं तरी. दाखला मागितला तर कलम १२ चं नाव घ्या. फोन १५१००. तिथं फक्त एवढं सांगून घ्या की कामगार न्यायालयात नेहमी उभं राहणारा वकील हवा.

शी-बॉक्स या लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकणं, जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन देणं, यानं अपिलाची मुदत थांबत नाही. समितीच बेकायदा असेल तर २०१३ च्या कायद्याखाली नेमलेल्या जिल्हा अधिकाऱ्याकडे तक्रार जरूर करा, मालकाला ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. पोलिसांकडे जायचा मार्गही खुला आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम ७५ खाली. तो अपिलावर अवलंबून नाही. गल्लीत, नात्यात, फेसबुकवर मात्र हा मजकूर फिरवू नका, २०१३ च्या कायद्याच्या कलम १६ नं तक्रारीचा आणि चौकशीचा तपशील प्रसिद्ध करायला मनाई आहे. समितीतल्याच कोणी बाहेर सांगितलं असेल तर त्याच्यावर ५,००० रुपयांचा दंड आहे, आणि तुमच्या अपिलाला आणखी एक मुद्दा.

अपील जिंकलात तर काय मिळेल, त्याची अपेक्षा आधीच नीट ठेवा. बहुधा फेरचौकशी. मॅनेजरला थेट शिक्षा तिथं होत नाही, आणि बदलीही त्यानं रद्द होत नाही. हरलात तर मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात रिट याचिका करता येते; जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्हे त्याच्याच कक्षेत येतात. तिथं थेट आधी जाऊ नका. 'अपिलाचा मार्ग होता, तो का घेतला नाही', हा पहिला प्रश्न येतो.

आणि घरचे म्हणतात तो राजीनामा. अपील लागलं की कंपनीकडून कोणीतरी गोड बोलायला येईल, 'दोन महिन्यांचा पगार घ्या आणि मोकळ्या व्हा'. फुल अँड फायनलच्या (नोकरी सोडतानाच्या शेवटच्या हिशेबाच्या) कागदात तळाशी 'माझी कोणतीही तक्रार शिल्लक नाही' अशी ओळ असते आणि त्याखाली सही झाली की बदली, वाढ, पगारफरक, सगळंच हातचं जाऊ शकतं. सोडायचंच ठरलं तर तो निर्णय तुमचा, त्यात कमीपणा नाही. पण कोऱ्या कागदावर सही नाही, आणि तो मसुदा वकिलांनी वाचल्याशिवाय काहीही नाही.

या आठवड्यात तीनच कामं: खुलासा पाठवा, कागद मागणारा अर्ज द्या, १ ऑगस्टला निषेधपत्र घेऊन धुळ्याला हजर व्हा. कंपनीनं कागद दिले की समितीची हजेरी आणि इतिवृत्त आम्हाला पाठवा, नावं झाकून. कोणते मुद्दे पुढे घ्यायचे ते त्यावरून सांगू.